डेमो तर चालला, आता पुढे काय?

गेल्या अंकात ब्राउझरमध्येच एआयचं ॲप करून बघता येतं अशा साइट्सबद्दल लिहिलं होतं, म्हणजे गूगल एआय स्टुडिओ, बोल्ट, लव्हेबल, रेप्लिट वगैरे, काही इन्स्टॉल करायचं नाही, मराठीत सांगितलं तरी चालतं. त्यावर इतके मेल आले की सगळे छापणं शक्य नाही. जे प्रश्न परत परत आले त्यातले काही घेतलेत, नावं मुद्दाम काढलीत.

ताई नमस्कार, आमची द्राक्षबाग आहे, माल एक्स्पोर्टला जातो म्हणून प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते. वडील वहीत लिहितात आणि मी रात्री बसून एक्सेलमध्ये भरतो. तुमचा लेख वाचून एआय स्टुडिओत वहीच्या पानाचा फोटो टाकला, टेबल करून दे म्हटलं, लगेच करून दिलं, मी खूश. मग नीट बघितलं तर काही तारखा उलट्यापालट्या आणि एका ओळीत आम्ही आयुष्यात कधी न मारलेलं औषध! हे भरवशाचं होईल का की नाद सोडू? (एक बागायतदार, तासगाव)

नाद अजिबात सोडू नका, तुमचं काम या साइट्सवर करून बघायला एकदम फिट आहे. फक्त आधी हे समजून घ्या की मॉडेल, म्हणजे या साइटमागचा एआय, पान वाचतं तसंच अंदाजही करतं, आणि कुठे वाचलं आणि कुठे अंदाज केला हे आपणहून सांगत नाही. अक्षर पुसट असेल, वर औषधाचा डाग पडला असेल तर तिथे द्राक्षाच्या वहीत साधारण काय असतं ते आठवून एखादं शोभेलसं नाव ठोकून देतं. तुमचं ते न मारलेलं औषध तिथूनच आलं.

तारखांचं कारण आणखी साधं आहे. वडिलांनी ३/११ लिहिलं म्हणजे ३ नोव्हेंबर, ऑक्टोबर छाटणीनंतरचे डाऊनी या बुरशीच्या रोगाचे दिवस. अमेरिकन पद्धतीने वाचलं तर तेच ११ मार्च होतं, म्हणजे ऐन काढणीत फवारा मारला असा अर्थ निघतो आणि काढणीपूर्व किती दिवस फवारणी बंद हवी तो सगळा हिशोबच बोंबलतो. २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती ते वडिलांना विचारा, चांगलं आठवत असेल. त्यामुळे ही चूक किरकोळ समजू नका.

आता उपाय. एआय स्टुडिओत सिस्टिम इन्स्ट्रक्शन्स नावाची वेगळी जागा असते, बरेच लोक ती रिकामीच ठेवतात आणि सगळं चॅटमध्ये सांगत बसतात. तिथे सरळ मराठीत लिहा: हे फवारणीच्या वहीचं पान आहे, तारखेत आधी दिवस मग महिना, हंगाम ऑक्टोबर ते मार्च, दोन छोट्या रेघा असतील तर वरच्या ओळीतलंच समज, आणि जे वाचता येत नाही तिथे "वाचता आलं नाही" एवढंच लिही, अंदाज करू नको. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोकळी जागा सोडायची परवानगी दिली नाही तर ते काहीतरी भरणारच. मग तुमच्या दुकानदाराच्या बिलांवरून यंदा जेवढी औषधं आणली त्यांची यादी द्या आणि सांगा की नाव या यादीतलंच हवं, नसेल तर "यादीत नाही" लिही. तिथेच स्ट्रक्चर्ड आउटपुट म्हणून एक पर्याय आहे, त्यात कॉलम ठरवून देता येतात, म्हणजे दर पानाला टेबलचा आकार बदलत नाही.

टेंपरेचर (उत्तर दर वेळी किती वेगळं यावं ती सेटिंग) शून्यावर नेलं की चुका जातात असं यूट्यूबवर सांगतात, तसं काही नाही हो. कमी केलं की उत्तर दर वेळी साधारण सारखं येतं, चुकीचं असेल तर चुकीचंच सारखं येतं. आणि दिवसांचा हिशोब मॉडेलला करायला लावू नका, दोन तारखांची वजाबाकी एक्सेल फुकटात आणि बिनचूक करतं.

सगळ्यात भारी गोष्ट तुमच्याकडे आहे आणि तिचा तुम्ही उल्लेखही नीट केला नाही, मागच्या हंगामाची वही आणि तिचं हाताने भरलेलं एक्सेल. म्हणजे प्रश्नही आहेत आणि बरोबर उत्तरंही. त्यातली सगळ्यात घाण पानं निवडा, पावसात भिजलेली, गड्याने लिहिलेली, पेन संपत आलेलं असताना लिहिलेली, आणि ती टाकून ओळीला ओळ लावून बघा. स्वच्छ पानांवर सगळेच पास होतात. सूचना बदलली की तीच पानं परत टाकायची, नाहीतर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडलेलं कळत नाही. हे जमलं तर मग ॲप, बटणं, लोगो काय ते करा. आणि एक फुकटचा सल्ला, वडिलांना तारीख, औषध, प्रमाण, प्लॉट असे रकाने छापलेली वही करून द्या, निम्मा त्रास तिथेच संपेल.

बोल्ट, लव्हेबल, व्ही-झिरो, रेप्लिट, एआय स्टुडिओ... नक्की कुठलं घेऊ? महिन्याला पैसे भरायची तयारी आहे पण एकाचेच. (बी.कॉम.चा विद्यार्थी, इचलकरंजी)

ही नावं एका माळेत ओवली जातात पण कामं दोन आहेत. एक म्हणजे तुझं काम मॉडेलला जमतं का ते बघणं, त्यासाठी एआय स्टुडिओ किंवा ओपनएआयचं प्लेग्राउंड असल्या जागा. एआय स्टुडिओ आधी मेकरसूट नावाने होतं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये गूगलचं जेमिनी मॉडेल आलं तेव्हा नाव बदललं, आता त्यातच ॲप बांधायचीही सोय आहे. दुसरं काम म्हणजे स्क्रीन, लॉगिन, डेटाबेस असं दिसणारं-चालणारं ॲप उभं करणं, तिथे बोल्ट, लव्हेबल, रेप्लिट, व्ही-झिरो. यातलं व्ही-झिरो २०२३ मध्ये आलं, बोल्ट आणि रेप्लिटचा एजंट (सांगितलं की स्वतः कोड लिहिणारा एआय) २०२४ मध्ये, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कार्पाथी या एआय संशोधकाने व्हाइब कोडिंग (कोडकडे न बघता नुसतं बोलून ॲप करणं) हा शब्द काढल्यावर तर सगळीकडे तेच सुरू झालं.

माझं मत विचारशील तर पहिलं काम फुकटात उरकून घे आणि मगच दुसऱ्यासाठी पाकिटात हात घाल. बहुतेक जण उलटं करतात कारण स्क्रीन दिसायला छान असते, पहिल्याच दिवशी मित्रांना दाखवता येते. आणि क्रेडिटची, म्हणजे वापराप्रमाणे कापल्या जाणाऱ्या शिलकीची, काळजी घे. पैसे जातात ते "एरर येतोय, दुरुस्त कर" असं दहा वेळा म्हणण्यात, कारण प्रत्येक वेळी ते सगळा कोड परत चाळतं, एक जागा शिवतं आणि दुसरी उसवतं. दोनदा सांगून सुटलं नाही तर आधीच्या चालू व्हर्जनवर परत जा आणि तेच काम छोटे तुकडे करून नव्याने सांग.

रेप्लिटबद्दल एक आठवण करून देते. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन नावाच्या अमेरिकन उद्योजकाचा चालू डेटाबेसच तिथल्या एजंटने पुसला, कशालाही हात लावू नको असं सांगून ठेवलेलं असताना. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस वेगळे ठेवायची सोय केली. साइट कुठलीही घे, एक्स्पोर्ट करून कॉपी स्वतःकडे ठेव.

मॅडम, कॉलेज प्रोजेक्टसाठी चॅटबॉट केला, एपीआय की सरळ जावास्क्रिप्टमध्ये टाकली आणि गिटहबवर पब्लिक रेपोत पुश केलं. आता कोटा संपला म्हणून दाखवतंय, मी तर वापरलंच नाही एवढं. की काढून परत पुश केलंय, झालं ना? (इंजिनीअरिंग तिसरं वर्ष, पिंपरी)

नाही झालं. एपीआय म्हणजे ॲपने मॉडेलला विचारायचा रस्ता, की म्हणजे त्याची तुझ्या नावाची किल्ली, आणि पब्लिक रेपो म्हणजे कोणालाही दिसणारं कोडचं फोल्डर. गिटला, म्हणजे कोडमधले बदल जपणाऱ्या साधनाला, जुनं सगळं आठवतं, तू काढलेली की हिस्टरीत जशीच्या तशी आहे आणि पब्लिक रेपोत अशा किया शोधत फिरणारे बॉट असतात. हे वाचायचं थांबव, आधी जिथून की घेतली होतीस तिथे जाऊन ती डिलीट कर आणि नवी घे. मग बाकीचं.

नवी की पण जावास्क्रिप्टमध्ये टाकलीस तर रेपो प्रायव्हेट असून काही उपयोग नाही, कारण तो कोड ब्राउझरमध्ये जातो, कोणीही एफ-बारा दाबून नेटवर्क टॅबमध्ये बघू शकतं. की राहणार सर्व्हरवर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये. ब्राउझर तुझ्या सर्व्हरला विचारणार, सर्व्हर मॉडेलला. बांधून देणाऱ्या साइट्समध्ये सिक्रेट्स नावाची जागा असते ती याचसाठी, पण तिथेही एजंटला स्पष्ट सांग की मॉडेलला कॉल सर्व्हरवरूनच गेला पाहिजे, नाहीतर तो सोपा रस्ता धरू शकतो. आणि पुढे कार्ड जोडलंस तर एक लक्षात ठेव, गूगल क्लाउडमध्ये बजेट अलर्ट लावला की फक्त मेल येतो, खर्च थांबत नाही. सीनियर लोकांनाही हे बिल आल्यावर कळतं.

नमस्कार, माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. एका साइटवर नुसतं बोलून बोलून ऑर्डरचं ॲप केलं, कोडिंगचा गंध नाही मला, तरी इतकं सुंदर झालं! गिऱ्हाइकांना लिंक पाठवली. काल भाच्याने लॉगिन न करता काहीतरी करून सगळ्यांचे पत्ते आणि मोबाइल नंबर काढून दाखवले. मी घाबरलेय. (एक डबेवाल्या ताई, डोंबिवली)

भाचा गुणी आहे. ताई, आधी पब्लिश केलेलं ॲप बंद करा, लिंक उघडली नाही पाहिजे, गिऱ्हाइकांना दोन दिवस व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या म्हणावं.

झालं काय ते सांगते. अशा ॲपमध्ये दिसणारी स्क्रीन वेगळी आणि माहिती ठेवलेला डेटाबेस वेगळा, बऱ्याचदा तो सुपाबेस नावाच्या सेवेत असतो. तुमच्या स्क्रीनवर प्रत्येकीला तिचीच ऑर्डर दिसत होती, पण डेटाबेसला थेट विचारलं तर तो कोणालाही सगळं देत होता. कुणाला कुठली ओळ दिसावी याचा नियम डेटाबेसमध्येच लावावा लागतो, त्याला रो लेव्हल सिक्युरिटी म्हणतात. तो लावला नाही तरी ॲप मस्त चालतं, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही एकट्या नाही. २०२५ मध्ये लव्हेबलवर केलेली १,६४५ ॲप तपासली गेली तेव्हा १७० मध्ये असाच घोळ निघाला होता.

चॅटमध्ये एजंटला सांगा की प्रत्येक टेबलवर रो लेव्हल सिक्युरिटी लाव, गिऱ्हाइकाला फक्त स्वतःच्या ओळी दिसल्या पाहिजेत. तो लगेच "झालं" म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका, भाच्याला परत बसवा आणि कालचंच करून बघायला सांगा. लोकांचे पत्ते आणि नंबर सांभाळणं आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात येतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बाईमाणसांचे पत्ते आहेत ते. ज्यांचे उघडे पडले त्यांना सांगून टाका. आणि पुढे काहीही नवीन करून बघताना खोटी नावं, खोटे नंबर भरा, खरी माहिती सगळ्यात शेवटी.

आता थोडं आगाऊपणाने विचारते, ॲप हवंच आहे का? तुमच्या मेलवरून वाटतं की खरा वेळ जातो तो रात्री मेसेज वाचण्यात, "उद्या दोनच डबे, एक बिनकांद्याचा", "परवा उपास आहे", "सासूबाई आल्यात एक वाढवा पण भात नको". हे वाचून उद्याची यादी करणं मॉडेलला छान जमतं. नावं-नंबर काढून नुसते मेसेज एआय स्टुडिओत टाका, डबे किती, काय वगळायचं, कुठल्या दिवशी असे कॉलम सांगा आणि आठवडाभर तुमच्या हाताच्या यादीशी ताडून बघा. "परवा" म्हणजे कुठली तारीख हे त्याला कळत नाही, मेसेजची तारीख सोबत द्यायला लागते. एवढ्यावर भागलं तर लॉगिनही नको आणि डेटाबेसही नको.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. मुलांसाठी छोट्या गोष्टी आणि प्रश्न तयार करणारं ॲप करतेय. दोन प्रश्न, मराठीत विचारलं तर जास्त पैसे लागतात का? आणि त्याचं मराठी इतकं हिंदी-इंग्लिश वळणाचं का येतं?

हो, लागतात, पण पूर्वीइतके नाही. पैसे टोकनवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर, मोजतात आणि हे तुकडे करायची यंत्रणा मुळात इंग्लिशसाठी जास्त तयार झालेली, शिवाय यूटीएफ-आठ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं. २०२४ च्या मे महिन्यात जीपीटी-फोर-ओ आलं तेव्हा ओपनएआयनेच नमुना दाखवला होता, मराठीतल्या ज्या मजकुराला आधी ९६ टोकन लागायचे त्याला नव्या पद्धतीत ३३. त्याच मजकुराला इंग्लिशमध्ये त्याहून कमीच लागतात, पण वर्गापुरत्या गोष्टींना हा फरक जाणवायचा नाही. तुमच्या स्वतःच्या मजकुराचे टोकन एआय स्टुडिओत मोजून दिसतात, इंग्लिश आणि मराठी दोन्ही टाकून बघा.

भाषेचं म्हणाल तर नुसतं "सोप्या मराठीत लिही" सांगून काही होत नाही, मग "राजूला खेळण्यात आनंद वाटत होता आणि त्याने त्याच्या आईला मदत केली" असलं काहीतरी येतं, व्याकरण बरोबर आणि बोलतं कोणीच नाही. त्यापेक्षा तुम्ही स्वतः लिहिलेल्या तीन-चार गोष्टी नमुना म्हणून सूचनेत चिकटवा, वर्गातल्या मुलांना येतात तेवढे शब्द द्या आणि न आवडलेली वाक्यंही द्या, असं लिहू नको म्हणून. नमुना दिल्यावर जो फरक पडतो तो लांबलचक सूचनांनी पडत नाही. सूचना इंग्लिशमध्ये दिली तरी चालते, नमुने मात्र मराठीतच हवेत.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. एआय स्टुडिओतून ॲप केलं की त्यामागे गूगलचं जेमिनी एपीआय असतं, त्याच्या अटींमध्ये वापरणारा १८ वर्षांवरचा हवा असं आहे आणि १८ च्या आतल्या मुलांसाठीच्या ॲपमध्येही ते वापरायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मुलांच्या हातात ते ॲप देऊ नका. गोष्टी तुम्ही बनवा, तुम्ही वाचा, सुधारा आणि प्रिंट काढून वर्गात न्या. मला तर हेच जास्त आवडलं असतं, मुलं कागदावर पेन्सिलने लिहितात तरी.

आमची छोटी एजन्सी आहे. एका पतसंस्थेसाठी ठेवींच्या दरांबद्दल उत्तर देणारा बॉट एआय स्टुडिओत केला, त्यांची पीडीएफ जोडली, चेअरमनसाहेबांसमोर डेमो दिला, सगळी उत्तरं बरोबर! आता ते म्हणतात एक तारखेपासून चालू करा. करू का? (कोल्हापूर)

एक तारखेला नको. डेमोत प्रश्न तुम्ही विचारले, म्हणजे ज्यांची उत्तरं पीडीएफमध्ये आहेत तेच. सभासद काय विचारतील? "माझ्या आजीच्या नावावर ठेवली तर जास्त मिळतंय का", "मुदतीआधी मोडली तर किती कापताय", "शेजारच्या संस्थेत जास्त देत्यात, तुम्ही देणार का". यातल्या एखाद्याचं उत्तर पीडीएफमध्ये नसेल आणि बॉटने गोड बोलून अर्धा टक्का जास्त सांगितला तर काउंटरवर भांडण कोणाशी होणार? एअर कॅनडाच्या साइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं होतं. कंपनी म्हणाली बॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते ऐकलं नाही आणि भरपाई द्यायला लावली. चेअरमनसाहेबांना ही केस सांगा, एक तारीख आपोआप पुढे जाईल.

मधल्या काळात काउंटरवर बसणाऱ्या क्लार्कला गाठा, लोक खरंच काय विचारतात ते त्यांच्याकडून त्यांच्याच शब्दात लिहून घ्या आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर मॅनेजरकडून. त्यात पीडीएफमध्ये नसलेले प्रश्न भरपूर पाहिजेत, तिथे बॉटने "शाखेत विचारा" म्हटलं तरच पास. हीच यादी तुम्हाला पुढे कायम लागणार, कारण मॉडेल बंद होतात. मेकरसूट गूगलच्या ज्या जुन्या पाम मॉडेलवर उभं होतं त्याचं एपीआय २०२४ मध्ये बंदच झालं, तेव्हा नव्या मॉडेलवर जाताना सगळं परत तपासायला लागतं आणि यादी नसेल तर तुम्ही आंधळेपणाने जाणार.

आणि डेमो फुकटच्या कोट्यावर केला असेल तर त्यात सभासदाचं नाव, खातं, काहीही जाऊ देऊ नका. गूगलच्या विनामूल्य सेवेत टाकलेला मजकूर त्यांची उत्पादनं सुधारायला वापरला जातो आणि तो माणसंही वाचू शकतात, हे अटींमध्येच आहे. लाइव्ह करताना पैसे भरायची सेवा घ्या आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा, नंतर मागितला की चेअरमन "डेमो तर फुकट चालला होता" म्हणणारच. दराचा आकडा मात्र मॉडेलच्या तोंडून वदवूच नका, बॉटने योजना ओळखायची आणि आकडा तुमच्या टेबलमधून यायचा, म्हणजे दर बदलले की मॅनेजर एका जागी बदलेल आणि जुनी पीडीएफ कुठे राहून गेली का ते शोधत बसावं लागणार नाही.